तिथून आपला डोंगर दिसतो का?

आज श्रीवर्धनजवळची एक छोटी टेकडी चढले. वाटेत नुसता चिखल. रुतलेली चप्पल उपसून हातातच घेतली. वर पोचले तर समोर अख्खा समुद्र! मैत्रिणी फोटो काढत होत्या, मी समुद्राकडे पाठ करून उभी.

आमची वाडी पोलादपूरजवळ, डोंगरमाथ्यावर. गुरं चारताना आईला लांबवर समुद्राची रेघ दिसते. तिथून आपला डोंगर दिसतो का, हे तिने बघायला सांगितलं होतं. शिमग्यापासून घरी जाणं झालेलं नाही.

पूर्वेला सगळे ढगच. तरी फोनवर म्हटलं, "आई, दिसतोय."

"थांब गो, माळावरच हाय मी. हात करते, बघ हां."

मीही हात वर केला. खाली घ्यावासाच वाटेना.

तुम्ही असतात तर खरं सांगितलं असतं?