बॅस्कमचा मुलगा

आमच्या सासूबाईंना, म्हणजे माधवीआईंना, कुणाचं कूळ माहीत नसलं की चैन पडत नाही. नागपूरला भूमी अभिलेख खात्यात बत्तीस वर्षं काढली त्यांनी. सातबारा हातात दिला की माणसाच्या चार पिढ्या उभ्या करतात. कॅनडात विंडसरला आमच्याकडे राहायला आल्या आणि महिन्याभरात शेजारच्या डोरीनबाई त्यांच्या तावडीत सापडल्या.

डोरीनबाई शहाऐंशीच्या. त्यांचे पणजोबा जोसाया बॅस्कम पाईक अमेरिकेत केंटकीला गुलाम होते. सतराव्या वर्षी पळाले, नदी ओलांडून इकडे आले, एवढंच घरात माहीत. जोसायाचा बाप कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. डोरीनबाईंनी पणजोबांच्या थडग्यावर नवा दगड बसवायला घेतला होता आणि त्यावर बापाचं नाव असावं, अशी त्यांची फार इच्छा होती.

आईंनी डोरीनबाईंकडचा, पणजोबांचं पूर्ण नाव असलेला जुना कागद पाहिला आणि मिनिटात निकाल दिला: मधलं नाव बॅस्कम, म्हणजे बाप बॅस्कम. आपल्याकडे तसंच असतं ना! मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू. डोरीनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दगडवाल्याला त्यांनी लगेच कळवलं: 'जोसाया, बॅस्कमचा मुलगा.'

पण गप्प बसतील तर त्या आमच्या सासूबाई कसल्या! बॅस्कमचा बाप शोधायला म्हणून लायब्ररीत कम्प्युटरवर बसल्या, आणि गुरुवारी घरी आल्या त्या पांढऱ्याफटक पडून. हातात केंटकीतल्या एका शेताच्या मालमत्तेची यादी. दोन बैल, एक नांगर, हॅना, आणि हॅनाचा चार वर्षांचा पोरगा जोसाया. मालकाचं आडनाव बॅस्कम; गुलामांना तेच चिकटायचं.

सोमवारी दगड कोरायला घेणार होते. मी आईंना म्हटलं, अहो, फोन करून सांगून टाका. तर म्हणे, फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? मग जा, म्हटलं, तर बूट घालायच्या नि काढायच्या. मला असा राग आला त्यांचा! शेवटी शुक्रवारी मीच हाताला धरून नेलं.

डोरीनबाईंनी यादी वाचली. चष्मा काढला. दार उघडून उभ्या राहिल्या, आम्ही निघालो.

शनिवार गेला, रविवार गेला, त्यांच्या किचनचा पडदा काही सरकला नाही. आई खिडकी सोडेनात. म्हातारीचं काही बरंवाईट झालं असेल का गं, हे शंभरदा विचारून झालं. माझाच अतिशहाणपणा नडला, म्हणत होत्या. मी आधी त्यांच्यावर चिडले, मग त्यांच्याच शेजारी बसून रडले.

सोमवारी सकाळी आठला बेल वाजली. दारात डोरीनबाई, कोट घालून.

"तुमच्याकडे बापाचं नाव माहीत नसलं तर काय लावतात?" त्यांनी आईंना विचारलं.

"आईचं," आई म्हणाल्या. "आता तर सरकारी कागदावरसुद्धा लावतात."

डोरीनबाईंनी पर्समधून ती यादी काढली. घडी घालून घालून मऊ झाली होती.

"मग चला. दगडवाल्याला तुम्हीच सांगा."

दगडावर आता एवढंच आहे: जोसाया पाईक, हॅनाचा मुलगा. मधलं नाव डोरीनबाईंनी काढायला लावलं.