धुरपतामावशी आणि आमच्या संडासाची किल्ली

चुडाव्याच्या स्टेशनावरून निघून गावाची अर्धी वाट चालून सरली, तरी धुरपतामावशी बसायचं नाव घेईनात. शेवटी मीच बांधावर टेकले. आदल्या दिवशी हैदराबादच्या डॉक्टरांनी मावशींचं आतडं पुन्हा तपासून सांगितलं होतं, जागा भरून आली, गाठ परतलेली नाही.

"दमलात, मास्तरीणबाई?" मावशी हसल्या. "दुखणं माझं अन् बसायलात तुमी."

त्या आमच्या शेजारच्या. पन्नाशी उलटली तरी शेतात निंदायला-खुरपायला सगळ्यांच्या पुढं. त्र्याण्णवच्या श्रावणात त्यांच्या आतड्यातली लिंबाएवढी गाठ डॉक्टरांनी पोट न फाडता, खालून नळी घालून काढली. सोबत मीच होते. निघताना डॉक्टर म्हणाले, "आत जखम आहे. पंधरा दिवस ओझं उचलू नका. विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊ नका. आणि रोज शौच झाल्यावर बघा. रक्त दिसलं तर ही चिठ्ठी घेऊन लगेच जवळचा मोठा दवाखाना गाठा."

गावी आल्यावर मी रोज विचारायची, "काही दिसलं का?"

"काई न्हाई."

पाचव्या दिवशी देवापुढं वात लावताना माझ्या ध्यानात आलं. आपल्या बाया जातात पहाटेच्या अंधारात, गावाबाहेर पांदीला. दिसणार काय?

गल्लीत संडास आमचा एकच. त्याची किल्ली मी त्यांच्या हातावर ठेवली. त्या ऐकेनात.

"दुसऱ्याच्या घरी जाऊन असलं काम करायचं? अन् दार लावलं की कणगीत कोंडल्यावाणी होतंय."

"कोंडून घ्या, पण उजेडात," मी म्हणाले.

मग तोंडावर पदर ओढून यायला लागल्या.

नवव्या दिवशी आतून हाक आली. आवाज अगदी शांत, म्हणून मीच जास्त घाबरले. बघते तर सगळं लाल. गुडघा ठणकतो म्हणून त्यांनी दोन दिवस दुकानातल्या डोकेदुखीच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. गुडघ्याची गोळी पोटाला काय करणार, असं त्यांना वाटलं. आमच्या ह्यांनी गावातल्या किशनरावांची जीप आणली. नांदेडला चिठ्ठी दाखवल्याबरोबर सलाईन लावलं, रक्ताची बाटली चढवली. मी बाकावर बसून देवाचं नाव घेत राहिले. दुसऱ्या दिवशी रक्त थांबलं. तिथले डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून निभावलं.

किल्ली मी परत मागितली नव्हती. आता बांधावर माझ्याशेजारी बसून मावशींनी चंचीतून तीच काढली. मी हात पुढं केला, तर त्यांनी मूठ मिटली.

"ताडकळसची माझी धाकटी बहीण, गीता. तिच्या लुगड्याला रगताचे डाग पडायलेत म्हणं. कुणाला सांगंना. डॉक्टरनं मला इचारलंच होतं, भावंडात कुणाला असली गाठ हाय का. तिला हैदराबादला न्यायची म्हणते मी. आल्यावर माझ्याच घरी ठेवीन पंधरा दिस. तिलाबी उजेडात बघावं लागल, बाई. तवर ही किल्ली माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."