पहिल्या धारेचा मालक

मोहाच्या दारूच्या हंड्याला माणसापेक्षा जास्त मान देणारा इसम मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. म्हसावदजवळ त्याची परवान्याची भट्टी होती. सरकारनं घरोघरची दारू बंद केली, तेव्हा आसपासच्या गावांत ही एकच उरली. मग त्याचा तोरा काय विचारता! वहाणा घालून हंड्यापाशी कोणी गेला की शिवी ठरलेली. आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना हा उठून जाळ बघायला गेला. भटजी बिचारा मंगलाष्टकं लांबवत बसला. स्वतः थेंब पीत नसे. नुसत्या वासावरून सांगे, फुलं नीट वाळली नव्हती म्हणून. घरी भांडून आलेल्याला तर दारूच देत नसे. "पहिले घर जाय, बायकोसंगे बोल, मंग ये," म्हणून हाकलून देई. अशानं धंदा कसा व्हायचा? पण व्हायचा.

नळीतून पडणारी पहिली ओंजळ मात्र तो जमिनीवर सोडी, मेलेल्या वाडवडिलांच्या नावानं. त्याआधी माप पुढं केलेलं त्याला खपत नसे.

एकदा आबकारीचा नवा साहेब आला. त्यानं ती ओंजळ मातीत जाताना पाहिली आणि पेटलाच. मोजल्याशिवाय थेंब हलवायचा नाही, असा कायदा.

"दुसरा हंडा लाव, माझ्यासमोर. आता सांडलीस तर परवाना गेला."

हंडा लागला. आम्ही सगळे उभे. शेत नव्हतं, भट्टी गेली तर खायचं काय, हे प्रत्येकाला कळत होतं. नळीच्या तोंडाशी थेंब जमला. सासऱ्यानं हात पुढं केला.

"आबा, हात मांगे ले!" माझी नवी नवरी ओरडली.

त्यानं साहेबाकडं पाहिलं. "ती मन्ही नही, सायेब. जुना माणसंसनी शे. दुसरासनी चीज तुमले कशी मोजू दिऊ?" आणि ओंजळ भरून मातीत सोडली.

परवाना गेला. शिपाई हंडा गाडीत आदळू लागले, तर हाच सांभाळायला धावला. "हयू रे! आजून गरम शे तो."

पुढं तो रोजानं कापूस वेचायला जाई. तिथंही बोंडं हुंगून बायकांना हसवी म्हणे.

त्या दिवसाचा विषय निघाला की माझी बायको उठून चुलीकडं जायची. बापाचा राग यायचा, की बाप आठवायचा, मी कधी विचारलं नाही. वाटायचं, विचारू सवडीनं. पन्नास वर्षं सवडच होती. आता विचारायला तीच नाही.