पोळ्याच्या रांगेत मैना आणि चंपा

वहिनींचा फोन आला तेव्हा मी अंबडला बसस्थानकासमोर चहा घेत होतो. दत्तूदादा पहाटे झोपेतच गेले, एवढं सांगून त्या म्हणाल्या, "भावजी, मैना-चंपाला अजून कुणी सोडलं न्हाई. जल्दी या." मैना आणि चंपा ही दादांची दोन गाढवं. मी गावात पोहोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि त्या दोघी गोठ्याच्या दाराशी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. त्यांना सोडायचं काम दादांशिवाय आजवर कुणी केलंच नव्हतं.

दत्तूदादा माझे चुलतभाऊ. आयुष्यभर अंकुशनगरच्या साखर कारखान्यात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावी परतले. शेत भाड्याच्या ट्रॅक्टरवर होऊ लागलं तशी त्यांनी बैलजोडी विकली. रिकाम्या गोठ्याकडे बघवेना, म्हणून ते एकदा बाजारच्या दिवशी बाहेर पडले आणि संध्याकाळी दोन गाढवं घेऊन आले. धंदा सोडलेल्या एका कुंभाराकडची ही सख्ख्या बहिणींची जोडी. जातच ठेंगणी, पाठ माणसाच्या कमरेलाही पोहोचत नव्हती. राखाडी अंग, पांढरं तोंड आणि अंगाच्या मानाने फार मोठे कान. वहिनींनी दारातच विचारलं, "लोकं पेन्शनीत कुत्रं पाळत्यात. तुम्हाला हेच सापडलं का?" दादा म्हणाले, "कुत्रं भुंकतं. ह्या निदान ऐकून तरी घेत्यात."

या जनावरांवर त्यांनी कधी ओझं टाकलं नाही. शेजाऱ्याने एकदा विटा आणायला जोडी मागितली, तेव्हा घरच्या लेकींना कुणी विटा वाहायला लावतं का, असं विचारून त्याला चहा पाजून परत पाठवलं. निगा मात्र चोख. खायला जोंधळ्याचा कोरडा कडबा. हिरवा चारा आणि पेंड मोजकीच, कारण खाणं जास्त झालं की गाढवाचे खूर बिघडतात. त्यांचं अंग पाण्यात पटकन भिजतं आणि लवकर वाळत नाही, म्हणून घराआधी गोठ्याचे पत्रे बदलले. खूर ते स्वतः साफ करायचे, कानामागे खाजवत, गप्पा मारत. मैनेला डॉक्टरकडे न्यायचं तर टेंपोत चंपाही चढायची, कारण एकटीला ठेवलं की ती दिवसभर ओरडून गाव डोक्यावर घ्यायची. सुट्टीला आलेल्या नाती ओट्यावर अभ्यासाला बसल्या की दोघींपैकी एकीची मान हमखास कुणाच्या तरी मांडीवर असायची. वहिनींचा विरोध कधी संपला हे कुणाला कळलं नाही. पोळीचा पहिला तुकडा गोठ्यात जाऊ लागला, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं.

मग दोघींना आणल्यानंतरचा पहिला पोळा आला. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे लोणी-हळदीने मळतात आणि त्यांना जेवणाचं आवतन देतात. दादांच्या हातांना ती सवय लहानपणापासूनची. ते वाटी घेऊन गोठ्यात गेले, समोर उभ्या जनावरांचे खांदे चोळले आणि म्हणून मोकळे झाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." म्हटल्यावर लक्षात आलं की समोर बैल नाहीत. ते ओशाळून बाहेर आले. वहिनींनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "आता कसं मागं घ्याल? आवतन दिल्तं की तुम्ही." आवतन दिलेल्याला ओवाळल्याशिवाय जेवू घालत नाहीत, आणि वेशीवरच्या तोरणाखालून आलेल्यालाच दारात ओवाळतात. म्हणजे मैना-चंपाला गावाच्या रांगेत उभं करणं भाग होतं. रात्रीतून गावभर झालं. सकाळी पारावर पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, दत्तूकाका खरंच आणून राह्यलेत का?

दादा आले. दोघींच्या अंगावर नातींच्या जुन्या ओढण्यांची झूल, गळ्यात घुंगरमाळा, कानांना गोंडे. वेशीजवळ हशा पिकला. मानाचे बैल बाबूरावांचे; तोरणाखालून पहिली जोडी त्यांचीच जाते. ते रांग सोडून मागे आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पोळा बैलाचा, गाढव आलं की तो तमाशा होतो, आणि दत्तूने वयाचं भान ठेवावं. हशा थांबला. वहिनी ताट धरून घराच्या दारात उभ्या होत्या, त्यांना वेस दिसत होती. दादांनी आवाज चढवला नाही. रांगेत बैलजोड्या थोड्या आणि हार घातलेले ट्रॅक्टर जास्त होते, त्यांच्याकडे बोट करून ते म्हणाले, "बाबूराव, त्या लोखंडाला बाशिंग चालतंय. मंग माझ्या जित्या जिवाला का न्हाई?" ट्रॅक्टरवाल्यांतलाच एक जण हसला आणि बाजी फिरली. बाबूरावांनी बराच वेळ पटक्याचं टोक चाचपलं. मग म्हणाले, "बैलाच्या मागं. ट्रॅक्टरच्या पुढं."

वाजंत्री सुरू झाली. बैल गेले. मैना-चंपा निघाल्या आणि नेमकी तोरणाखाली मैना थांबली. चारही पाय रोवून. मागे ट्रॅक्टर धडधडत होते, हॉर्न वाजत होते, कुणी म्हणालं ढकला, कुणी काठी पुढे केली. दादांनी काठी हाताने बाजूला सारली. त्यांनी मैनेकडे पाठ फिरवली, चंपाचा कासरा धरला आणि चालू लागले. चार पावलं गेली असतील. मैनेने कान टवकारले, एक लांबलचक हाक दिली आणि दुडक्या चालीने तोरण पार केलं. सगळ्या वेशीने टाळ्या पिटल्या. गुलाल उधळला गेला. घराच्या दारात वहिनींनी दोघींना ओवाळलं. दोघींनी पुरणपोळी खाल्ली आणि तोंड वहिनींच्या पदराला पुसलं. त्यानंतर दरसाल रांगेतली त्यांची जागा ठरली.

दादा गेले ते आषाढात. यंदा घरात सण नव्हता. जोडी गोठ्यातच राहील, असं वहिनींनी सांगून टाकलं होतं. पोळ्याच्या दुपारी बाबूराव दारात आले, ओट्यावर टेकलेही नाहीत. म्हणाले, "वहिनी, माझे बैल रांगेत एकटे पडले. मागं जिवंत कोण हाय? सगळा धूर. ह्या दोघींना धाडा." दुखवट्याच्या घरात पुरण शिजत नाही, म्हणून दोघींच्या पोळ्या बाबूरावांच्या घरी झाल्या होत्या. वहिनींनी स्वतः दावं सोडलं आणि कासरा बाबूरावांच्या हाती दिला.

तोरण पार झालं, मग दारोदार फिरणं आलं. बाबूराव हे कमी बोलणारे, झपाझप चालणारे गृहस्थ. मैना-चंपा मात्र पहिल्याच दारात थांबल्या. पुढच्याही. त्याच्या पुढच्याही... दादा दरसाल प्रत्येक उंबऱ्याशी उभे राहून माणसांची विचारपूस करायचे आणि ती झाल्याखेरीज पुढे जायचं नसतं, हे त्या दोघींना पक्कं ठाऊक होतं. बाबूरावांनी कासरा ओढून पाहिला, दटावून पाहिलं. दारातली म्हातारी ताट घेऊन वाट बघत होती. दोन्ही गाढवं बाबूरावांकडे मान वळवून उभी होती. शेवटी त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि विचारलं, "काय काकू, गुडघा कसा हाय?"

चंपाने पाऊल उचललं.