मंडईच्या दिवशी मुका झालेला रेडिओ

“रेडिओ नाही बिघडला, सूर्यच काहीतरी करून राह्यला!” इंदरलाल म्हणाला, आणि दुकानातली माणसं खो खो हसली.

चोरखमाऱ्याकडची धानाची शेती भावावर टाकून गोंदियात आलेला हा माणूस. स्टेशनाजवळच्या टीचभर दुकानात रेडिओंच्या पोटात डोकावत त्याचं आयुष्य गेलं. भरदुपारी शॉर्टवेव्ह मध्येच मुकी होते आणि कुणी हात न लावता पुन्हा बोलू लागते, हे त्यानं कैक वर्षं ऐकलं होतं. ती शांतता त्याला रिकामी वाटत नसे. तिच्यापलीकडे कुणीतरी आहे, असं वाटे. २००३च्या दिवाळीनंतर मात्र तीच शांतता त्याच्या मुळावर उठली. दरेकसाच्या बिसरामचा रेडिओ त्यानं नुकताच दुरुस्त करून दिला होता. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, व्याही आलेले, शॉर्टवेव्हवर गाणी रंगात आलेली, आणि सेट गप्प! इंदरलालनं जुना पार्ट घातला, असं बिसरामनं गावभर केलं.

“तुझ्या दुकानात पोपटावानी बोलते, अन् व्याह्यासमोर काऊन मुका?”

इंदरलालची मुलगी रुचि बीएस्सीला होती. सूर्यावर मोठा स्फोट झाला की शॉर्टवेव्ह काही वेळ बंद पडते, देशोदेशीच्या वेधशाळा असे स्फोट एकाच सामायिक यादीत नोंदवतात, ती इंटरनेटवर कुणालाही उघडता येते, हे तिला ठाऊक होतं. तिनं दोघांना सायबर कॅफेत ओढत नेलं. बिसरामनं रेडिओ टेबलावर आदळला.

“काका, बंद कधी पडला?”

“अडीचची पॅसेंजर आली, तवाच.”

यादीतली लंडनची वेळ आपल्या वेळेत बदलत रुचि शोधू लागली. अडीचच्या आसपास रेडिओ मुका करील असं काहीच नव्हतं.  तिला बाबांकडे बघवेना.

“सूर्य मंडईले गेला असन,” बिसराम हसला.

मंडई! रुचि गर्रकन वळली. “काका, त्या दिवशी गाडी टाइमवर होती?”

“मंडईच्या दिवशी गाडी टाइमवर? दोन घंटे लेट, पोरी!”

म्हणजे साडेचार! तिनं यादी सरसर खाली सरकवली. तिथे तो होता. प्रचंड स्फोट, कितीतरी वेधशाळांनी टिपलेला, आणि शेजारी शेरा : शॉर्टवेव्ह ठप्प.

“बाबा! सूर्यच!” ती एवढ्यानं ओरडली की कॅफेवालाही धावत आला आणि न सांगता पान छापून देऊन गेला.

बिसरामनं डोकं खाजवलं. “चुकलो, भाऊ. पर माझ्या व्याह्याले आता कोन सांगन?”

इंदरलालनं तो कागद खिशात घातला, बिसरामचा रेडिओ काखेत मारला आणि व्याह्याच्या गावची गाडी पकडायला स्टेशनाच्या दिशेनं बाहेर पडला.