नाळीवर पायताण नको

राग गिळला की त्याचा किस्सा होतो, हे मला कतारमध्ये आल्यावर कळलं. माझे गाववाले बरवा अल बराहाच्या कामगार वस्तीत राहतात. सुट्टीला मी त्यांच्या खोलीवर जेवायला जातो. जेवण झालं की एकेक जण आपापल्या कंपनीचं गाऱ्हाणं काढतो. कुणी वेल्डर, कुणी क्रेनवाला, सगळेच गांजलेले. पण माझी पाळी आली की सगळे सरसावून बसतात आणि म्हणतात, "तांडेल, कुत्र्यांचं सांग."

मी वैतागून सांगतो आणि हे हसतात. मी आणखी वैतागतो, हे आणखी हसतात. असे किती किस्से साठलेत म्हणून सांगू!

*

मी मूळचा हर्णैचा. वीस वर्षं समुद्रावर काढली, त्यातली बारा तांडेल म्हणून, लाँच माझ्या हाती. इथे एका इंग्रज मॅडमच्या लाकडी लाँचवर माणूस हवा होता म्हणून गेलो. वाटलं, वाऱ्याचं विचारतील, भरती-ओहोटीचं विचारतील, इंजिनाचं विचारतील. मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "कुत्रे आवडतात का?"

पोटासाठी 'हो' म्हणालो. तिथेच चुकलं.

हेलन मॅडम शाळेत शिकवतात. पूर्वी आपल्या देशात त्या एका लांबट, अरुंद होडीतच राहायच्या. फोटो दाखवला. होडी बोळासारखी आणि कालवा आपल्या शेताच्या पाटापेक्षा जरा मोठा. त्यातून माणूस चालतो त्या वेगानं जायचं आणि कुत्रे काठाकाठानं सोबत चालणार. तसंच आयुष्य त्यांना कतारमध्ये हवं होतं! म्हणून घर सोडून त्या दोन कुत्र्यांसकट लाँचवर राहत होत्या. एक मेजर, तिकडून आणलेला काळा, जाडजूड लॅब्राडोर. दुसरं बिस्किट, इंडस्ट्रियल एरियात सापडलेलं हडकुळं गावठी.

वादळातून लाँच काढलेला माणूस मी. आणि मला सांगतात, "स्लो, प्लीज. बिस्किटला चक्कर येते."

*

आता इथल्या समुद्राला काठ कुठला आणायचा? मॅडमनी तोडगा काढला. समैस्मा गावाच्या बाजूला पाणी उथळ आहे, तिथे कुत्रे पाण्यातून चालतील आणि लाँच हळूहळू सोबत येईल.

मी म्हटलं, ओहोटी लागलीय. त्या म्हणाल्या, पाचच मिनिटं. मेजर गुडघाभर पाण्यात उतरला आणि एकेक शिंपला हुंगत बसला. पाचाची पंचवीस मिनिटं झाली आणि लाँच वाळूत रुतली ती संध्याकाळच्या भरतीपर्यंत. बारा वर्षांत मी लाँच कधी रुतवली नव्हती. रुतवली ती कुत्र्याच्या फिरण्यापायी. कोळ्यांच्या होड्या बाजूनं जात होत्या, माणसं बोटं दाखवत होती, आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

मॅडम चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, आमच्याकडे रोज रुतते. मी मनात म्हटलं, तुमच्या त्या पाटात बुडाली तरी माणूस उभ्या उभ्या घरी जातो!

*

लाइफ जॅकेटचं ऐका. परदेशातून पार्सल आलं. आत कुत्र्यांची जॅकेटं, नारिंगी, मापात शिवलेली, नाव घातलेली, आणि उचलायला पाठीवर हँडल. एक मेजरला, एक बिस्किटला, आणि मेजरसाठी एक जादा. आमच्या वाट्याची दोन मात्र उसवलेली, आतला फोम बाहेर आलेली.

इंजिन सांभाळतो तो जोसेफ, वसईचा. गरीब माणूस, शुक्रवारी अबू हमूरच्या चर्चमध्ये मिसाला जायला मिळालं की खूश. त्या दिवशी मात्र त्याचंही डोकं फिरलं. मला म्हणाला, "कुत्र्याला पोहता येतं. मला येत नाय."

दुसऱ्या दिवशी मॅडम वर आल्या तर जोसेफ मेजरचं जादा जॅकेट घालून डेक धूत होता. बटणं लागत नव्हती म्हणून सुतळीनं बांधलेलं. मॅडम शरमेनं लाल झाल्या. तासाभरात आमची नवी जॅकेटं मागवली, आणि ती येईपर्यंत लाँच हलवायची नाही असं स्वतःच ठरवलं. पण जोसेफ आजही म्हणतो की हँडलवालं बरं होतं.

*

एकदा मॅडमना कालव्याची फार आठवण आली. दोह्यात श्रीमंतांच्या एका वस्तीत खरोखरचे कालवे आहेत, वर कमानीचे पूल. परवानगी काढून आम्ही आत गेलो. पुलाखालून जाण्यासाठी डोलकाठी आडवी केली. मी घामाघूम. मॅडम मात्र लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. खरं सांगतो, तेवढ्यापुरता माझाही राग गेला होता.

तेवढ्यात काठानं छोट्या गाडीतून सिक्युरिटीवाला आला. कुत्रे अलाऊड नाहीत म्हणाला. मॅडम म्हणाल्या, ते तुमच्या जमिनीवर नाहीत, माझ्या लाँचवर आहेत. तो म्हणाला, जमिनीवरून दिसतायत! म्हणजे दिसणंही गुन्हा. बाल्कनीत एक बाई हातात पांढरं कुत्रं घेऊन आमचा व्हिडिओ काढत होती. तिला कुणी विचारलं नाही.

त्या दिवसापासून आम्हाला घर उरलं नाही. कुणीतरी तक्रार केली आणि लाँच बांधायची नेहमीची जागा गेली. दुसरीकडे महिनाभर राहू दिलं, तिसरीकडे आठवडाभर, चौथीकडे दोरी बांधायच्या आत हाकललं. कुत्रे भुंकत नव्हते, घाण करत नव्हते. मॅडम सगळं स्वतःच्या हातानं उचलायच्या. तरी सगळ्यांचं उत्तर एकच. मालीश, म्हणजे माफ करा, रूल आहे.

*

आणि ज्याच्यासाठी हे सगळं भोगत होतो तो मेजर! आमच्यात लाँचची नाळ म्हणजे देव. नाळ म्हणजे लाँचचं पुढचं टोक. तिथे आम्ही नारळ फोडतो, फूल वाहतो. तिथे कुणी पायताण घालून पाय ठेवत नाही, मग तो मालक का असेना. आणि हा काळा राक्षस रोज सकाळी तिथेच जाऊन पाय वर करायचा.

पहिल्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. त्याला मारणार कसं, मॅडम बघतात. मग रोज पहाटे बादलीभर पाणी ओतायचं, फूल ठेवायचं आणि समोर बसून त्याला झापायचं. "मेल्या, नाळीवर नाय! खाली उतर!" मॅडमचे पाहुणे बूट घालून नाळीवर फोटो काढायला जायचे, त्यांनाही मी ओरडायचो. इंग्रजी धड येत नाही, म्हणून पायांकडे बोट दाखवून ओरडायचो. मॅडमना ते आवडत नव्हतं. न आवडो.

चार महिन्यांनी मेजर नाळीपासून हातभर अंतर ठेवून बसायला लागला. पाय वर करणं बंद. पुढे तर पाहुण्यांचे बूट दिसले की माझ्या आधी हाच गुरगुरायचा. मॅडम म्हणाल्या, याला काय झालं, डॉक्टरला दाखवूया. मी नाळीवरचं फूल सारखं केलं.

*

शेवटी समैस्माच्या लहानशा बंदरात जागा मिळाली. तिथेही चिठ्ठी आली. गुरुवारी अधिकारी येणार, लाँचवर पाळीव प्राणी आढळले तर जागा खाली करायची.

मॅडमनी आम्हाला बसवून सांगितलं, आता खलास. कुत्रे बहिणीकडे पाठवते, लाँच विकते. बोलता बोलता त्या रडल्या. मला संताप आला. कुत्र्यांसाठी रडता, आमच्या दोघांच्या नोकऱ्यांचं काय? पण त्या दुपारी माझ्याही घशाखाली घास उतरेना, आणि ते नोकरीमुळे नव्हतं, हे कुणाला सांगू नका.

गुरुवारी मॅडम शाळेत. आम्ही ठरवलं की लपवायचं. जोसेफ बिस्किटला घेऊन इंजिनरूममध्ये गेला. मेजरला मी केबिनमध्ये कोंडला.

अधिकारी आला. वयस्कर कतारी माणूस, अंगात पांढरा पायघोळ थोब, पायांत चामड्याच्या नव्या चपला. वर आला, इकडेतिकडे बघितलं आणि तडक नाळीकडे निघाला. आतून धडक बसून केबिनचं दार धाडकन उघडलं. मेजर त्याच्या पुढे धावत गेला, नाळीसमोर आडवा बसला आणि त्याच्या पायांकडे बघून गुरगुरला.

मनात म्हटलं, जागा गेली, लाँच गेली, नोकरी गेली. मेजरला ओढून बाजूला करावं असं वाटलं. पण वर्षभर मीच त्याला शिकवलं होतं आणि तो बरोबर होता. नाळीवर पायताण मी गावच्या सरपंचाचंही चालवून घेतलं नसतं.

मी म्हटलं, "साहेब, चप्पल निकालो."

 साहेब वाकला आणि त्यानं चपला काढल्या. मेजर उठून बाजूला झाला. साहेब अनवाणी नाळीवर गेला, फुलाला धक्का न लावता त्यानं लाकडावर हात ठेवला. मग जुन्या माणसांसारख्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरा बाप नाखुदा था. चप्पल के वास्ते मेरे को बहुत मारा." नाखुदा म्हणजे त्यांच्यातला तांडेल.

तिथेच बसून, तपासणीचा कागद मांडीवर घेऊन त्यानं भरला आणि माझ्या हातात दिला. पाळीव प्राणी, एकही नाही. खलाशी, तीन. आम्ही तर दोघंच होतो.

तेवढ्यात खाली इंजिनरूममध्ये बिस्किट भुंकलं.

साहेबानं माझ्या हातातून कागद परत घेतला, तीन खोडून चार केले, आणि चपला हातात घेऊन उतरून गेला.