अक्कांचा ‘ऑफ’

“अक्का ऑफ झाल्या,” त्यांच्या पुतण्याने फोनवर सांगितलं आणि मला वाटलं, त्यांचा मोबाईल बंद पडला असेल. “मग चार्जिंगला लाव,” मी म्हणाले. पलीकडून त्याचं रडणं ऐकू आलं. महिना होऊन गेला, तरी माझी चीड जात नाही. ज्या बाईने शिंदखेड्याच्या मुलींना जन्मभर इंग्रजी शिकवलं, तिच्या जाण्याची बातमी नेमकी याच शब्दात यावी!

हा शब्द त्यांना आधीही आडवा आला होता. आम्ही एकाच शाळेत शिक्षिका. मी गणिताला, त्या इंग्रजीला. आमच्या वर्गातली वैशाली निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसली. ‘अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणजे काय, असा प्रश्न होता. तिने ‘वाजला’ निवडलं. उत्तरसूचीत ‘बंद पडला’ होतं. एका गुणाने तिची जागा गेली. “मन्हं उत्तर बरोबर शे ना, अक्का?” तिने विचारलं. “बठ्ठं... सगळं बरोबर शे,” अक्का म्हणाल्या आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन त्यांनी धुळ्याची एसटी धरली.

तिथल्या परीक्षा कार्यालयातले साहेब हसले. “मॅडम, पंख्याचं बटण बघा. ऑफ म्हणजे बंदच.” अक्का समजावत राहिल्या... दूध ऑफ झालं म्हणजे नासलं, लग्न कॉल ऑफ झालं म्हणजे मोडलं, विमानाने टेक ऑफ केलं म्हणजे उडालं. शब्दकोश पुढे ठेवला, तो साहेबांनी उघडलाही नाही. “एका मार्कासाठी एवढं?” “मार्क तुमच्यासाठी, साहेब. तिची शाळा गेली.” त्यानंतरही अक्का जात राहिल्या. कधी साहेब मीटिंगला, कधी जेवायला. तोवर प्रवेश संपले. उत्तरसूची काही बदलली नाही.

वडील वैशालीला शाळेतून काढायला निघाले, तेव्हा अक्कांनी तिला बारावीपर्यंत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. आज ती शिरपूरला शिकवते. लोक म्हणतात, शेवटी चांगलंच झालं ना! मला हे ऐकवत नाही. अक्कांनाही ऐकवत नसे. “चांगलं आपण केलं. त्यांनी नुसतं ‘चुकलं’ म्हणायचं होतं,” त्या म्हणत.

परवा त्यांच्या खोलीत गेले. सकाळचा पेपर हातात लाल पेन घेऊनच वाचायचा, चुकीला गोल करून पुढे दुरुस्ती लिहायची, ही त्यांची सवय. शेवटच्या दिवशीचा पेपर खाटेवर तसाच होता. एका मथळ्याभोवती लाल गोल, पुढे काहीच नाही. मी तो मथळा पुन्हा पुन्हा वाचला... चूक काय होती, मला सापडत नाही.